काजळीचं बोट

खुंटीवरून लाकूड निसटल्याचा टक् असा आवाज झाला, आणि दुपारभर गप्प बसलेल्या घराला जाग आली.

चान्तानं डोळे उघडले नाहीत. उघडायची गरज नव्हती. स्वयंपाकघरात दोन लाकडी भातपात्रं होती. रोजचा चिकट भात वाफवायचं ते खालच्या खुंटीवर, ओलं आणि जड. ते काढलं की ठप्प वाजायचं. वरच्या खुंटीवरचं जुनं. त्याला तडा गेलेला, अकरा वर्षांत त्यात भाताचं शीत शिजलं नव्हतं. टक् वाजतं ते तेच. म्हणजे आईनं ठरवलं. आज विचारायचं.

शेजारी बाळ झोपलं होतं, कोबीसारखं फडक्यांच्या थरांत गुंडाळलेलं. एकोणीस दिवसांचं. महिना भरेपर्यंत त्याला नाव नव्हतं. आधी नाव ठेवलं की नको त्यांचं लक्ष जातं. म्हणून सगळं घर त्याला बेडूक म्हणत होतं.

चान्तानं हात आत घालून त्याचा डावा पाय चाचपला. गुडघ्यामागच्या लवणीत तिचं बोट थांबलं. हाताला तिथे काहीच लागत नाही, हे तिला माहीत होतं. डाग दिसतो, लागत नाही. बोटाच्या पेराएवढा, काळसर निळा. कुणीतरी काजळीचं बोट टेकवून उचलावं, तसा.

घरातल्या प्रत्येकाला तो डाग पाठ होता, कारण तो कुठला ते प्रत्येकाला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी, पाऊस सरताना, थोरल्या बहिणीचा, सेंगलाचा, केओ याच घरात तापानं गेला. चार वर्षांचा होता; सेंगला तेव्हा इथेच राहायची. इथल्या रीतीप्रमाणे त्याला नेण्यापूर्वी अंगावर काजळीची खूण करायची होती, पुन्हा जन्माला आला तर ओळखता यावा म्हणून. सेंगला उठून बसू शकत नव्हती. भिंतीकडे तोंड करून ती एवढंच म्हणाली होती, "चान, तू लाव. डाव्या गुडघ्याच्या मागे. तिथे कुणाला दिसणार नाही. पोरं चिडवणार नाहीत." आणि चान्ता चुलीवरच्या भांड्याच्या बुडाला बोट घासून आतल्या खोलीत गेली होती.

आता डाग बरोबर तिथेच आला होता. आणि रोज सांज झाली, म्हशी घरी आल्या, की बेडूक असा रडत सुटायचा की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. आईचं म्हणणं सरळ होतं. पोर आपल्या जुन्या आईला शोधतंय. जुन्या भातपात्रात पितरांना बोलावून विचारू. केओच आहे म्हणालं, तर महिना भरल्यावर सेंगला त्याला घेऊन जाईल. नाही म्हणालं, तर प्रश्नच मिटला.

यात एकच अडचण होती, आणि ती फक्त चान्ताला ठाऊक होती. तिनं काजळी लावलीच नव्हती.

*

"आई, पिम आजी आली!" दाओ धावत आली. सात वर्षांची, गुडघ्यापर्यंत चिखल. "आणि सेंगला मावशी पण आली होडीतून. आणि मून काका. आणि त्यांनी पाळणा आणलाय."

"पाळणा?" चान्ताचा आवाज शेंबडा आला. महिन्याच्या बाळंतिणीनं वास घ्यायचा नसतो, एखादा वास डोक्यात बसला की जन्मभर निघत नाही. म्हणून तिच्या दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे होते आणि डोक्याला घट्ट फडकं. पिम मावशीचं डोकं अजूनही भाजल्या माशाच्या वासानं दुखतं, आणि चाळीस वर्षांपूर्वी तिच्या खिडकीखाली मासा भाजणाऱ्या शेजारणीला ती अजून शिव्या घालते.

"वेताचा. नवा," दाओ म्हणाली. "पण उलटा धरलाय. आत कोंबडी आहे."

चान्ताला मूनचं हसू आलं आणि रडूही. सेंगलाचा नवरा, भला माणूस. नदीवरून गावभर पाळणा मिरवत आणायचा, तर लोक विचारणार, कुणासाठी? म्हणून त्यानं तो उलटा करून कोंबडीचा झाप केला होता.

सेंगला आत आली ती पाय न वाजवता. बाळंतिणीच्या खोलीत शिरताना दाराशी थांबून कपडे झटकायचे, ते तिनं नेमानं केलं. मग बाळाकडे वाकून, लहानपणापासून सगळ्यांना शिकवलेलं ते खोटं ती म्हणाली, "शी! काय घाणेरडं ध्यान आहे गं हे."

"अगदीच," चान्ता म्हणाली.

"नाक तर बघ. चेपलेलं."

"बापाचं."

"बिचारा." सेंगला खाली बसली. तिनं बाळाच्या तोंडाकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, पायाकडे मात्र पाहिलं नाही. एकोणीस दिवसांत ती तिसऱ्यांदा आली होती, आणि पहिल्या दिवसानंतर तिनं एकदाही फडकं सोडून बघितलं नव्हतं. "जेवतेस ना?"

"मीठ-भात. भात-मीठ. परवा बदल म्हणून आधी मीठ खाल्लं."

सेंगलाला हसू फुटलं. तिनं कनवटीची पुरचुंडी काढली. "आलं घालून मीठ भाजलंय. आईला दाखवू नकोस, म्हणेल आल्याचा तिखटपणा दुधात उतरतो. मी केओच्या वेळी पोत्यानं खाल्लं होतं."

नाव निघालं. शेगडीतला निखारा तडकला.

"चान," सेंगला हळूच म्हणाली, "तू नको म्हणालीस ना, तर मी नाही नेणार. पात्र काही म्हणू दे."

"तू असं म्हणू नकोस ताई."

"का?"

"कारण मग मला नको म्हणावं लागेल, आणि तू ऐकशील. आणि मग मी तुझ्याकडे कोणत्या तोंडानं बघू?"

हे बोलतानाच सांगून टाकावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण आता सांगितलं तर काय होणार? पोर राखायला कथा रचली, असं होणार. आणि नाही रचली असं मानलं, तर त्याहून वाईट. ज्या खुणेच्या आशेवर बहीण तीन वर्षं जेवली-झोपली, ती खूण नव्हतीच, असं होणार.

"सेंगला!" बाहेरून आईची हाक आली. "गप्पा नंतर. तांदूळ पाखडून दे."

*

इथली घरं खांबांवर उभी, खाली म्हशी, माग, जळण. जमीन फळ्यांची आणि फळ्यांमध्ये फटी. त्यामुळे खाली बोललेलं वरती, अगदी शेजारी बसून बोलल्यासारखं ऐकू येतं. जावयांच्या हे लक्षात राहत नाही. मुलींचं घर, मुलींचे पितर. जावई लग्नानंतर येतात आणि विसरत राहतात.

"हा पाळणा मी इथे ठेवू?" मूनचा आवाज.

"कुठेही ठेव." चान्ताचा नवरा तान लाकडं फोडत होता. एक घाव. दुसरा घाव. "मजबूत विणलायस."

"तिला विणू दिला असता तर ती रडत विणत बसली असती. म्हटलं, मीच विणतो."

एक घाव. "माझं पोर आहे, मून."

"आहेच की. मी कुठे नाही म्हणतोय?"

"मग?"

"मग काय? तुझ्या सासूला तू सांग. मला धीर नाही."

"मला असता तर इथे लाकडं फोडत बसलो असतो?"

आणखी एक घाव. मग मून म्हणाला, "ती बाजारात पोरांचे पाय बघते रे. परक्यांच्या पोरांचे. मी पुढे चालतो, वळून बघतो, तर ही कुणाच्या तरी पोराला कडेवर घेऊन उभी. होड्यांच्या शर्यतीच्या दिवशी एका बाईनं छत्रीनं हाणली हिला." तो थांबला. "मला पोर नको, तान. मला ती घरी आलेली हवी. कळतंय का?"

लाकडावर घाव पडला नाही.

"मियांग खातोस?" तान शेवटी म्हणाला. चहाच्या आंबवलेल्या पाल्याचा विडा या दोघांत सगळ्या भांडणांचा शेवट असे.

"दे. मीठ जास्त घाल."

वर, चान्तानं बेडकाला छातीशी धरलं आणि छताकडे बघत राहिली.

*

उन्हं कलताना ओसरीवर चटई पडली. चान्ताला बाहेर जायची मुभा नव्हती, म्हणून आईनं तिच्या खोलीचा बांबूचा पडदा अर्धा वर बांधला.

जुन्या भातपात्राला आईचा काळा सदरा चढवला होता. दोन काठ्या बांधून हात केले होते, आणि वर डोकं म्हणून चिकट भात ठेवायची गोल टोपली. सेंगलानं केओचा छोटा निळा सदरा आणला होता. तो पात्राला चढेना. पिम मावशीनं तो दोनदा ओढून पाहिला, मग घडी करून बाजूला ठेवला. "आजोबा सुटलेत. त्या पोराचा सदरा कुठून व्हायचा त्यांना!"

"अक्का, चेष्टा नको," आई म्हणाली. आई पासष्टची आणि पिम मावशी तिच्याहून आठ वर्षांनी मोठी, पण शिस्तीत आई थोरली.

"मी आजोबांची चेष्टा करते, त्यांना आवडते. धरायला कोण?"

"मी आणि सेंगला."

"सेंगला नको. जिचं मागणं, तिनं हात लावू नये."

"मग कोण? चान्ता विटाळात, तुझे हात चिंचेच्या शेंगांसारखे. शेजारणीला बोलावलं तर उद्या गावभर होईल." आईनं एका बाजूनं पात्र धरलं. "समोरासमोर धरू. तिनं ढकललं तर मला कळेल. मी ढकललं तर तिला कळेल."

सेंगलानं चान्ताकडे पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं धरलं. खाली सुपात तांदळाचा पातळ थर पसरला होता. पात्राच्या बुडाला बांधलेली काठी त्यात जेमतेम टेकत होती. दाओ खांबाला टेकून डोळे विस्फारून बसली.

"काळे आजोबा, काळ्या आजी," पिम मावशीनं सुरू केलं, आणि तिचा आवाज एकदम बदलला. गावातल्या नातलगाच्या दारात उभं राहून हाक मारावी तसा. "उठा. या. भात आहे, केळी आहेत, विडा आहे. तंबाखू होती, ती आमच्या जावयानं संपवली, त्याला शिव्या द्या. पण या. पोरीला पोर झालंय, रडतंय. आम्हाला कळत नाही. आलात का?"

काही नाही. खाली म्हशींच्या गळ्यातल्या लाकडी घंटा वाजायला लागल्या होत्या; तान त्यांना बांधत होता.

"आलात का? म्हातारीला दोनदा ओरडायला लावू नका."

काठी तांदळात सरकली. खर्रर्र.

दाओनं तोंडावर हात ठेवला.

"आले. बरं. हे पोर आपल्यातलंच का?" काठी पुढे झुकली. हो. "म्हाताऱ्यांपैकी कुणी?" काठी आडवी हलली. नाही. "जवान गेलेलं?" नाही. पिम मावशीनं मोठा श्वास घेतला. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "लहान गेलेलं? आमचा केओ का?"

काठी थांबली.

आईचे डोळे मिटलेले. सेंगलाचे उघडे, पात्रावर नाही, पात्राच्या पलीकडे कुठेतरी. चान्तानं तिच्या मनगटांकडे पाहिलं. लहानपणापासून ती ही मनगटं ओळखत होती; नऊ वर्षांची असताना यांनीच तिला नदीत पोहायला शिकवलं होतं, पोटाखाली हात धरून. 

"केओ का?" पिम मावशीनं पुन्हा विचारलं.

आणि बेडूक रडायला लागला. एकदम, पुरेपूर, ताणून. काठी पुढे झुकली, तांदूळ खरवडत, पुढे, पुढे...

सेंगलानं हात काढून घेतले.

पात्र कलंडलं. तांदूळ ओसरीभर झाला, आणि डोक्याची टोपली घरंगळत दाओच्या पायाशी जाऊन थांबली.

"आजोबा पडले," पिम मावशी पुटपुटली.

"हे काय केलंस?" आई ओरडली. "अर्ध्यावर सोडतात का? हो म्हणत होतं ते!"

"मी म्हणत होते." सेंगला आपल्या तळव्यांकडे बघत होती. "आई, मीच हलवत होते. म्हणजे, मला कळत नाही मी हलवत होते की नाही. पण नाही कळत, म्हणजे मी असू शकते ना? तुला नाही जाणवलं?"

आईनं नजर वळवली. तिला जाणवलं होतं, हे त्यावरून सगळ्यांना कळलं. आणि जाणवूनही तिनं थांबवलं नव्हतं, हेही.

"मी केओला पाठीवर बांधून वाढवलाय," आई शेवटी म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "तो आला असेल, आणि आपण त्याला चुकीच्या खोलीत निजवलं असेल तर? रडणार नाही तो?"

 पिम मावशी गुडघ्यावर रांगत तांदूळ गोळा करायला लागली. सेंगला उठली आणि रडणाऱ्या बाळाकडे, आत गेली.

*

तिनं बेडकाला खांद्यावर घेतलं, थोपटलं, हेलकावे दिले. तो थांबेना. लाल झाला, निळा झाला, पुन्हा लाल झाला.

"बघ," सेंगला म्हणाली, "माझ्याकडे पण रडतो. केओ एवढा वेळ रडायचा नाही. तो चावायचा."

चान्तानं नाकातला एक बोळा काढला. मग दुसरा. हे बोलताना तिला शेंबडा आवाज नको होता. पुढे डोकं दुखलं तर दुखलं.

"ताई, मी काजळी लावली नव्हती."

सेंगलाचा थोपटणारा हात दोन वेळा चालला आणि थांबला.

"आईनं त्याला आंघोळ घातली होती," चान्ता भराभर बोलत राहिली, थांबली तर पुन्हा सुरू होणार नाही म्हणून. "घोसाळ्याच्या जाळीनं टाचा घासल्या होत्या. मी पाय उचलला आणि बघितलं तर टाचा स्वच्छ. गुलाबी. त्याच्या टाचा मी कधी स्वच्छ बघितल्याच नव्हत्या. माझं बोट काळं होतं, आणि मला… मला ते टेकवताच आलं नाही. मी माझ्या सिनला पुसलं. इथे." तिनं कमरेला गुंडाळलेल्या वस्त्रावर, पोटापाशी हात ठेवला. "बाहेर आले. तू विचारलंस, लावली? मी हो म्हटलं."

बाळ रडत होतं. खाली तान म्हशींशी काहीतरी बोलत होता.

"आत्ता सांगतेस," सेंगला म्हणाली.

"हो."

"आज. पोर माझ्या खांद्यावर असताना."

"म्हणून तर एकोणीस दिवस सांगत नव्हते. पोर राखायला सांगितलं असं वाटणार. वाटू दे."

"पात्र हो म्हणालं असतं, मी हात काढले नसते, तर सांगितलं असतंस?"

चान्तानं खरं तेच सांगितलं. "माहीत नाही, ताई."

सेंगला मटकन खाली बसली, बाळासकट. "तीन वर्षं, चान. दिसेल त्या पोराचा डावा पाय उलटा करून बघितला मी. दिसेल त्या. एका बाईनं छत्रीनं मारलं मला."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"फटीतून ऐकलं."

सेंगला हसली. हसली आणि तिथूनच तिचं रडणं सुरू झालं, एकाच श्वासात. चान्ता सरकून तिच्याजवळ गेली, आणि बाळंतिणीनं रडणाऱ्याच्या जवळ जायचं नसतं हे दोघींनाही आठवलं नाही.

"टाचा गुलाबी होत्या?" बऱ्याच वेळानं सेंगलानं विचारलं.

"घोटेसुद्धा."

"मी बघितल्या नाहीत. मी भिंतीकडे बघत पडले होते." तिनं नाक पुसलं. "बरं केलंस की वाईट, ते मला आज विचारू नकोस. पुढच्या वर्षी विचार."

"विचारीन."

"आणि आईला सांगायचं नाही. हे आपल्या दोघींत." तिनं मोठा श्वास घेतला आणि तिला ठसका लागला. पुन्हा लागला. तिनं खाली पाहिलं. फळ्यांच्या फटींतून, बाळाच्या अंथरुणाच्या अगदी खालून, राखाडी धूर वर येत होता. "चान! हे रोज असंच असतं?"

"काय?"

"धूर!"

चान्तानं नाकानं श्वास घेतला. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा. ओल्या भुशाचा, शेणाचा, कडू धूर थेट डोळ्यांत उतरला. "अगं बाई," ती म्हणाली.

"कळणार कसं तुला, नाकात कापूस कोंबून! आणि बाकीचे सगळे ओसरीवर! तान!" सेंगला फटीत तोंड घालून ओरडली. "तान! डास हाकलायचा म्हशींचा धूर कुठे पेटवलास?"

खालून आवाज आला. "इथेच. म्हशींपाशी."

"म्हशी कुठे आहेत?"

"चान्ताच्या खाली." तानचा आवाज ओशाळला. "मीच आणल्या तिकडून. पोर झालं त्या दिवशी. म्हटलं, गुरांच्या अंगाची ऊब वर जाईल. बाळंतिणीला बरी."

ओसरीवर पिम मावशीला हसू आवरेना. "एकोणीस दिवस! एकोणीस दिवस हा माणूस आपल्या पोराला माशासारखा धुरावतोय, आणि आम्ही आजोबांना उठवतोय!"

"तुम्हीच म्हणालात ऊब हवी," तान खालून कुरकुरला.

"ऊब म्हणाले, धुरी नाही म्हणाले!" आई म्हणाली, पण तिचाही आवाज फुटला होता, आणि तो रागानं फुटला नव्हता.

मग खाली एकच गोंधळ. म्हशी सुटल्या, मून जळतं शेण फावड्यावर घेऊन पळाला, पाळण्याला पाय लागला, कोंबडी सुटून मागाखाली शिरली. पडदे सगळे वर गेले. नदीवरचा वारा खोलीतून आरपार गेला, पिकायला आलेल्या भाताचा वास घेऊन. चान्तानं तो जन्मभर डोक्यात बसेल एवढा आत ओढला.

बेडूक रडायचा थांबला. एकदम नाही, दोन हुंदके, एक उचकी, आणि मग सेंगलाच्या खांद्यावर लाळ.

*

मूननं पाळणा वर आणला, सुलटा, कोंबडीची पिसं झटकून. दाराशीच उभा राहिला. "हा कुठे ठेवू?"

"इथे," सेंगला म्हणाली. "इथलाच आहे तो."

मूननं तिच्या तोंडाकडे पाहिलं. काय झालं ते त्याला माहीत नव्हतं, पण काहीतरी झालं हे त्याला दिसलं. "मग उद्या सकाळी होडी?"

"तू जा. भात कापायला आलंय. मी अकरा दिवस राहते, हिचा महिना भरेपर्यंत. मग घरी येते." ती थांबली. "घरीच येते, मून. वाटेत कुठे थांबत नाही."

मूननं मान हलवली, आणि हलवतच राहिला, आणि वळून जिना उतरून गेला. खाली तो तानजवळ मियांग मागत असल्याचं ऐकू आलं. मीठ जास्त.

आई दारात आली. तिनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. काहीतरी आपल्यापासून लपवलं जातंय, हे आयांना कळतं; कोणतं लपवणं उकरायचं नसतं, हेही कधीतरी कळतं. हातातला केओचा निळा सदरा तिनं पाळण्यात अंथरला, वर फडकं घातलं, आणि चुलीकडे गेली. थोड्या वेळानं तिकडून आवाज आला. टक्. जुनं पात्र खुंटीवर गेलं.

सेंगलानं बेडकाला पाळण्यात ठेवलं. फडकं सुटलं होतं. डावा पाय बाहेर आला. या वेळी तिनं पाहिलं. अंगठ्यानं लवण हळूच पुसून पाहिली, जसं तीन वर्षं बाजारात पुसून पाहत आली होती.

"शी," ती म्हणाली, "काय घाणेरडं ध्यान."

"अगदीच," चान्ता म्हणाली.

दाओ कधीपासून उंबऱ्यात बसली होती, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मांडीवर आजोबांच्या डोक्याची टोपली होती, आणि तिच्यातली उरलेली शितं ती एकेक वेचून तोंडात टाकत होती. ती उठली, पाळण्यापाशी आली, आणि काठावर हनुवटी टेकून बराच वेळ भावाच्या पायाकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "तू काजळी तुझ्या सिनला पुसलीस ना?"

चान्तानं बहिणीकडे पाहिलं. पाळण्याला झोका देणारा सेंगलाचा हात थांबला होता. तीही वाट बघत होती.

"मग याला कुणी लावली?"